सर्व्हरच्या खोलीतली सुकेळी

चहा घ्या आधी. मी सावकाश बोलणारा माणूस, माझं सांगून होईपर्यंत तो निवतो आणि मग आमची बायको, कत्रीन, मलाच बोलते. हसायचं असेल तर थोडं आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढे ठसका लागणार नाही. कारण मी जो गाढवपणा केला, तो चौथी शिकलेल्या माणसाच्या आवाक्यातला नव्हता. त्याला निदान दहावी तरी पाहिजे. मी तो चौथीवरच करून दाखवला!

मी मनवेल, वसईतल्या उमेळ्याचा. आमची बागायत होती. आता तिथे बिल्डिंगी आहेत. त्यांच्या मधोमध आमचं घर आणि घरामागे राजेळी केळीची सात-आठ झाडं उरली आहेत. बिल्डिंगीतली माणसं गॅलरीतून माझी केळी मोजतात. मोजू देत.

या वयात नुसतं घरी बसवत नाही. म्हणून कामणच्या रस्त्याला विद्यापीठाचा एक विभाग आहे, तिथे कंत्राटावर लागलो. पाणी, माती, हवा यांचा अभ्यास करतात तिथे. माझं काम सोपं. सकाळी आठला दारं उघडायची, संध्याकाळी पाचला लावायची, मधल्या वेळात कागद या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचे. आणि एका खोलीची चावी सांभाळायची.

ती खोली म्हणजे सर्व्हरची खोली. आत लोखंडी कपाटासारखं एक उंच मशीन. पुढे हिरवे-निळे दिवे, मागे जाळीचं दार. सगळ्या विभागाचं डोकं त्यात आहे म्हणे. आम्हा माणसांना वर करकरणारा पंखा, आणि त्या एकट्या मशीनला दोन एसी! तरीही त्याच्या मागच्या जाळीतून चोवीस तास गरम वारा यायचा. त्याच्या पुढे उभं राहिलं की नाताळ, मागे गेलं की मे महिना. मला तर नवलच वाटायचं. म्हटलं, एवढी चांगली ऊब, आणि सगळी फुकट जाते.

हे 'फुकट जाते' लक्षात ठेवा. सगळा सत्यानाश त्या विचाराने केला.

मशीनची देखभाल नितीन बघायचा. नालासोपाऱ्याचा, दोन मुलांचा बाप, कायम घाईत. त्याने एकदा मला एक वही आणून दिली.

"काका, सिक्युरिटी आता तुमच्याकडे. जो कोण आत जाईल त्याचं नाव, वेळ आणि काम इथे लिहून घ्यायचं. कोणाला म्हणजे कोणाला सोडायचं नाही."

"सामंत सरांना पण?"

"सरांना पण!"

सामंत सर आमचे विभागप्रमुख. बारीक अंगाचे, फार सज्जन, पण मांजर आडवं गेलं तरी त्यांना त्यात कोणाचा तरी हात दिसतो. ते एकदा दारातून नुसते डोकावले, तर मी वही पुढे केली. "सर, डोकं आत गेलं होतं तुमचं." सरांनी निमूट सही केली, आणि कामाच्या रकान्यात लिहिलं, 'डोकावणे'. अशी माझी सिक्युरिटी!

आता मीनलचं सांगतो. कारण हा किस्सा तिचाच आहे, मी त्यात फक्त माती कालवली.

मीनल विरारची. वडील कोकणातून आलेले, नोकरीवाले. ही पोरगी पाच वर्षं आमच्या वसईच्या विहिरी मोजत फिरत होती. खारं पाणी कुठल्या गावात किती आत शिरलंय, पुढे किती शिरणार, हा तिचा अभ्यास. माझ्या विहिरीचं पाणीसुद्धा दर महिन्याला बाटलीत भरून न्यायची. तीन वर्षांपूर्वी मी तिला विचारलं होतं, "बाय, पाणी जरा वेगळं लागतंय का गं?" तिने मान खाली घातली आणि सांगितलं, "हो काका." डॉक्टर सांगतो ना घरच्यांना, तसं सांगितलं. त्या दिवसापासून ती आमच्या घरची झाली.

एकदा कत्रीनने तिच्यासमोर सुकेळी ठेवली. तिने एक खाल्लं, दुसरं खाल्लं, सातवं खाताना म्हणाली, "काका, मी प्रबंध दिला ना, की मला एक पुडी पाहिजे. विकतची नाही, तुमच्या झाडाची."

मी म्हटलं, "दिली."

आणि ती वेळ आली. प्रबंध द्यायला पंधरा दिवस राहिले. तिचं शेवटचं मोठं गणित त्या मशीनवर चढवलं. आठ दिवस आणि आठ रात्री ते न थांबता चालणार होतं. मधे थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून. "का गं, अर्धं झालेलं ठेवता येत नाही?" मी विचारलं. ती म्हणाली, "या गणिताला नाही काका, ते भात शिजवण्यासारखं आहे. मधेच उतरवलं की गेलं." सोमवारी सकाळी गणित सुरू झालं. आणि त्याच दिवशी मी घरी पिकलेली राजेळी सोलायला घेतली. माझा हिशोब सरळ होता. तिचं गणित शिजेल, माझी सुकेळी वाळतील, दोन्ही एका वेळी तयार!

सुकेळीचं कसं असतं, तुम्ही नवीन बिल्डिंगीतली माणसं म्हणून सांगतो. पिकलेली केळी सोलायची, सहा-सात दिवस कडक उन्हात वाळवायची आणि रोज संध्याकाळी कापडात गुंडाळून ठेवायची. मग मधासारखा रस सुटतो आणि रंग चढतो. पण मधे एक दिवस जरी ऊन चुकलं, की आंबून जातात. ताप आलेल्या पोराला जपावं तसं जपावं लागतं.

सोमवारी ऊन. मंगळवारी ऊन. बुधवारी सकाळी उठलो तर आभाळ कसं? भांड्याच्या बुडासारखं! ऐन फेब्रुवारीत! कत्रीन अंगणात उभी राहून म्हणाली, "गेली तुमची केळी."

आणि बुधवारी संध्याकाळी दारं लावता लावता मी त्या मशीनच्या मागे उभा राहिलो. गालाला तो गरम वारा लागला. धूळ नाही, माशी नाही, कावळा नाही, ढग नाही. चोवीस तासांचं ऊन! मला सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

नाही, तुम्ही नसतं केलं. मला माहीत आहे.

खरं तर विचार सकाळपासूनच घोळत होता, म्हणून दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन मी दोन सुपं आधीच घेऊन आलो होतो. ती मागच्या जाळीला सुतळीने टांगली. वर केळी मांडली, एकमेकांना न लागता. दार लावलं, कुलूप घातलं, घरी गेलो. गुरुवारी सकाळी आठला उघडलं, तर काय रंग! सोन्यासारखा! मशीन खुशाल घूंघूं करत होतं. मी सुपं काढून पिशवीत घातली आणि माझ्या चौकीत ठेवून दिली. लपवली नाहीत हो. फक्त कोणाला सांगितलं नाही.

आणि वहीत? वहीत माझं नाव मी लिहिलं नाही. खोटेपणा म्हणून नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही! चावी माझी, वही माझी. आपण आपल्या घरात शिरताना दार वाजवतो का?

इथेच थांबलो असतो तर आज सुखी असतो. पण गुरुवारी संध्याकाळी मी सुपं परत टांगली आणि हात लावून बघतो तर सुपांच्या मागून बराचसा वारा बाजूने निघून जातोय. परत तोच विचार: फुकट जातोय. मग मी कत्रीनचं जुनं लुगडं आणलं आणि सुपांवरून सगळ्या जाळीवर पडद्यासारखं बांधलं. वरून खाली, या कानापासून त्या कानापर्यंत. आता जाशील कुठे, म्हटलं!

शुक्रवारी सकाळी खोली उघडली, तर आत शांत. दिवे नाहीत, आवाज नाही. मला वाटलं, चार दिवस राबतंय बिचारं, जरा विसावलं असेल. केळ्यांना हात लावला तर थंडगार! खरं सांगतो, मला मशीनचा राग आला. म्हटलं, एक रात्र काम सांगितलं तर हे असं!

मी सगळं काढून चौकीत नेलं आणि वही घेऊन स्टुलावर बसलो. नऊ वाजायच्या आत मीनल धावत आली. केस न विंचरलेले, हातात फोन.

"काका, उघडा, उघडा! पहाटेपासून मशीन उत्तर देत नाहीये!"

"आधी नाव लिही, बाय."

"काका!"

"सिक्युरिटी आहे गं. वेळ पण टाक."

तिने नाव लिहिलं, आणि आत जाऊन मशीनसमोर मटकन खाली बसली. चार दिवसांचं गणित गेलं होतं. रडली नाही. नुसती बोटं मोजत होती. आज शुक्रवार, आजपासून आठ दिवस म्हणजे पुढचा शनिवार, आणि त्या सोमवारी प्रबंध द्यायची शेवटची तारीख. "होईल," ती स्वतःलाच म्हणाली. "होईल. झोपायचं नाही फक्त."

नितीन आला, त्याने मशीन चालू केलं. गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणाला, "गरम होऊन बंद पडलंय. एसीचा लोच्या असणार. काका, टेन्शन नका घेऊ."

मी टेन्शन घेतलंच नव्हतं. एसीचा लोच्या होता ना!

सामंत सरांना मात्र एसी पटला नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. "मनवेल, मला यात बाहेरचा हात दिसतो. हल्ली विद्यापीठांची मशीनं बाहेरून बंद पाडतात. खरं सांगा, त्या खोलीत कोणी अनोळखी माणूस गेला होता?"

मी छाती पुढे काढली. "सर, माझ्या नजरेखालून त्या खोलीत मुंगीसुद्धा जात नाही."

मुंगी म्हणालो. आठवलं की अजून कान गरम होतात.

सरांनी त्या दिवशी सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले. दुपारपर्यंत निम्मा विभाग आपलाच नवा पासवर्ड विसरून बाहेर व्हरांड्यात उभा! वालीवहून एसीवाला आला. त्याने जाळ्या धुतल्या, गॅस बघितला, "मशीन एकदम ओके है" म्हणाला, आणि जाताना दोन्ही एसी सोळावर नेऊन ठेवले.

सोळावर! माझी केळी तिथे गारठून मरणार की!

संध्याकाळी घरी जाऊन कत्रीनला सगळं सांगितलं. मीनलचं पण, एसीचं पण. ती म्हणाली, "ती पोरगी तिकडे घाबरीघुबरी झालीय आणि तुम्ही केळ्यांचं काय घेऊन बसलात?"

"तिच्यासाठीच तर आहेत! तिचं गणित चुकलं, निदान सुकेळी तरी चुकायला नको."

कत्रीन उठली. मग आत गेली आणि गोधडी घेऊन आली. गोधडी तिने दिली, हे मी कोर्टातसुद्धा सांगेन. पण पांघरली मी.

हो. मी परत कामणला गेलो, सुपं टांगली, आणि त्यांच्यावरून मशीनला मागून गोधडी पांघरली. चारी बाजूंनी सुतळीने आवळली. लहान मूल झोपवतात तसं. आणि वर गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेला, झावळीच्या पातीचा आमच्या घरचा क्रूस होता, तो मशीनच्या पुढच्या बाजूला खोचला, मीनलच्या गणिताला आशीर्वाद म्हणून. पुढून क्रूस आणि मागून गोधडी! देवाने तरी कुठली बाजू सांभाळायची?

शनिवारी सकाळी आठला मशीन पुन्हा गप्प. केळी पुन्हा थंड. मी सगळं काढून पुन्हा चौकीत नेलं. कारण कळलं नव्हतं हो, अजून नाहीच कळलं. फक्त ती पोरगी आता येईल आणि तिला मला सांगावं लागेल, एवढंच डोक्यात होतं.

ती आली. यावेळी न सांगता वहीत नाव लिहिलं. आत बघितलं. आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आजपासून आठ दिवस म्हणजे रविवार. सोमवारी तर प्रबंध द्यायचा. मधे छापायला, शिवायला वेळच नाही.

सामंत सर आले, नितीन आला. नितीनने मशीनच्या मागे बॅटरी मारली आणि ओरडला.

"सर! इथे मुंग्या!"

मी वहीत तोंड घातलं.

"आणि हे काय चिकट? सर, काहीतरी गळलंय. वास घ्या. गोड वास येतोय!"

सामंत सर दोन पावलं मागे सरले. "हात लावू नका! रसायन असेल! सगळे बाहेर!"

झालं. सगळा विभाग अंगणात. नितीनने तोंडाला रुमाल बांधला, रबरी मोजे घातले, आणि चिमट्याने तो थेंब काचेच्या नळीत घेतला. पाणी तपासायची प्रयोगशाळा आमच्याकडे होतीच. नळी तिथे नेली. सामंत सरांनी स्वतः त्यात निळं पाणी घातलं, दिव्यावर तापवलं. आम्ही सगळे खिडकीतून बघत होतो, जसं काही आत कोणाचं ऑपरेशन चाललंय. बघता बघता निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं विटकरी.

सरांनी नळी खाली ठेवली. "साखर आहे ही."

"साखर?" नितीन म्हणाला. "सर्व्हरमध्ये?"

"कोणीतरी मुद्दाम घातलीय. घातपात आहे हा, घातपात! मनवेल, वही आणा."

मी वही नेली. सरांनी बोट फिरवलं. नितीन, एसीवाला, स्वतः सर, आणि मीनल. मशीन बंद पडायच्या आधीचं शेवटचं नाव मीनलचं, शुक्रवारी संध्याकाळी पाचला दहा कमी असताना.

"मीनल," सर म्हणाले, "तू चहा घेऊन आत गेली होतीस?"

"नाही सर."

"सरबत? काही गोड?"

"सर, मी फक्त आकडे बघायला गेले होते!"

"हे बघ, माझा तुझ्यावर संशय नाही. पण शेवटचं नाव तुझं आहे. चौकशी होईपर्यंत तुझं गणित पुन्हा लावता येणार नाही. पोलिसांना कळवावं लागेल."

मीनलने माझ्याकडे बघितलं. "काका, सांगा ना. तुम्ही होता ना दारात. माझ्या हातात काही होतं का?"

मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात नितीन आपला सरांना समजावत होता ते कानावर पडलं. "पण सर, साखरेने एवढं गरम कसं होईल? हे मशीन श्वास घेतं ना, तसं असतं. पुढून थंड हवा आत, मागून गरम बाहेर. मागची बाजू कोणी बुजवली तरच ते गुदमरणार. आता मागची बाजू कोण कशाला बुजवेल?"

आता काय सांगू तुम्हाला माझी गत! गुदमरणार म्हणाला तो. माझ्या डोळ्यांसमोर ती गोधडी आली. चारी बाजूंनी आवळलेली. सुतळीला मी वर दोन गाठी पण मारल्या होत्या.

माझं तोंड उघडंच राहिलं. गप्प बसलो असतो तर कोणाला कळणार होतं? वहीत माझं नावच नव्हतं. नोकरी राहिली असती, अब्रू राहिली असती. पण समोर ती पोरगी उभी होती. पाच वर्षं उन्हातान्हात बाटल्या घेऊन फिरलेली. आणि ती माझ्याकडे साक्षीदार म्हणून बघत होती.

मी म्हटलं, "सर, थांबा. पोलिसांना बोलावू नका. साखर घेऊन येतो."

चौकीत गेलो. दोन्ही सुपं आणली, लुगडं आणलं, गोधडी काखेत. सगळं सरांच्या टेबलावर ठेवलं. केळी चमकत होती.

मी म्हटलं, "ही मागे टांगली होती. वारा फुकट जात होता म्हणून हे बांधलं. आणि एसी सोळावर होता, म्हणून मग ही पांघरली."

नितीन आधी भिंतीला टेकला, मग हळूहळू खाली बसला. त्याला हसू फुटत होतं पण आवाज निघत नव्हता. "गोधडी... सर... गोधडी घातली मशीनला..."

"पण वहीत तुमचं नाव कुठे आहे?" सरांनी विचारलं. त्यांना अजून वहीचंच दुःख!

"माझं नाव कशाला सर? मी तर सिक्युरिटी."

सामंत सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पण केळी काही दिसायची थांबली नाहीत.

मीनल हसली नाही. ती सुपाजवळ आली. "ही माझ्यासाठी?"

मी मान हलवली.

"काका, माझं पाच दिवसांचं काम गेलं," ती म्हणाली, आणि बाहेर निघून गेली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी माझ्या स्टुलावर जाऊन बसलो. वही उघडली आणि मागच्या तारखांना माझं नाव लिहिलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. कामाच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना. शेवटी खरंच लिहिलं: 'केळी'.

दुपारी ती परत आली. नितीनने मशीन मागून-पुढून पुसून, मुंग्या काढून चालू करून दिलं होतं. तिने गणित तिसऱ्यांदा लावलं आणि बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"काका, आता आठ दिवस हे दार कोणी उघडायचं नाही."

"नाही उघडणार कोणी."

"कोणी म्हणजे तुम्ही पण."

"मी पण."

तिने माझ्याकडे हात पुढे केला. मी चावी दिली. खरं तर तेव्हाच बरं वाटलं मला. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा काढावा तसं.

आठ दिवस मी दाराबाहेर बसलो. रविवारी सुद्धा, चर्चमधली मिस्सा झाल्यावर जेवून आलो. दाराला कान लावायचो. आत घूंघूं चालू असली की जपमाळेचा एक मणी पुढे. सामंत सर जाता येता विचारायचे, "श्वास घेतंय ना?" मी म्हणायचो, "घेतंय सर." दवाखान्यात बसल्यासारखे दिवस होते ते. पुढच्या रविवारी मीनलने दार उघडलं, आत गेली, आणि आतून ओरडली, "काका! शिजलं!"

केळ्यांचं विचाराल तर दोन दिवस कत्रीनने ती चुलीशेजारी जपली, आणि आभाळ सोमवारीच मोकळं झालं होतं. सुकेळी अंगणात, देवाच्या उन्हात वाळली. पुडी तिला दिली तेव्हा तिने माझ्यासमोरच एक खाल्लं. "बरी झालीत," म्हणाली. "पण मशीनच्या उन्हाची चव काही वेगळीच असती, नाही काका?" तेव्हा कळलं, पोरीने मला माफ केलंय.

पण प्रबंध छापून, शिवून हातात यायला तारखेच्या वर चार दिवस गेले. उशीर का झाला, ते सामंत सरांनी पत्रात लिहून द्यायचं होतं. मी त्यांना म्हटलं, "सर, तांत्रिक कारण लिहा ना. सगळे लिहितात."

सर म्हणाले, "मी खोटं लिहीत नाही, मनवेल."

मीनल आणि मी मुख्य कचेरीत गेलो. जाड पुस्तकांच्या प्रती होत्या, त्या उचलायला मी. खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी प्रती बघितल्या, सरांचं पत्र उघडलं, वाचलं. परत वाचलं. मग शेजारच्या बाईंना बोलावून मोठ्याने वाचलं: "विभागातील एका कर्मचाऱ्याने संगणक कक्षात केळी वाळत घालून यंत्रास गोधडी पांघरल्यामुळे सदर विद्यार्थिनीस विलंब झाला."

दोघी इतक्या हसल्या की खिडकीतून कागद उडाला. मीनल मान वळवून भिंतीवरची सूचना वाचत होती. खांदे हलत होते तिचे.

"काय हो काका," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "कोण हे ध्यान?"

मी म्हटलं, "आहे एक आमच्याकडे. वय झालंय त्याचं. पण स्वभावाने चांगला आहे."

"असू दे. पण पत्राखाली त्याची सही लागेल, चूक कबूल असल्याची. त्याशिवाय हा प्रबंध मला घेता यायचा नाही. उशिरा आलेले प्रबंध घ्यायचा आज शेवटचा दिवस आहे, पाचला खिडकी बंद होते. पाठवा त्याला लवकर."

घड्याळात साडेचार झाले होते. मीनल भिंतीकडून वळली. तिचं हसू गेलं होतं.

मी खिशातलं पेन काढलं, पत्र ओढून घेतलं, आणि चौथीत शिकवली होती तशी, एकेक अक्षर वेगळं काढून, सावकाश सही केली.

बाईंनी सही बघितली. मग मला बघितलं. शिक्का मारायला उचललेला हात तसाच वर राहिला.

"अहो, मग तो स्वभावाने चांगला आहे म्हणालात ते?"

"ते माझं मत आहे, बाई," मी म्हटलं. "विभागाचं मत पत्रात आहे."